गणिताचे शब्द पाठ आहेत, पण शाब्दिक उदाहरण सुटत नाही

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा सहावीत, सेमी इंग्रजीत. मांडून दिलेली गणिते पटापट सोडवतो, तेच गणित वाक्यात आले की वही कोरी. शाळेने मराठी आणि इंग्रजी अशा दोन रकान्यांची शब्दांची लांबलचक यादी दिली आहे. ती तुम्ही रोज संध्याकाळी म्हणून घेता, आणि आठवड्याने विचारले की विभाजक कुठला नि विभाज्य कुठला, याचा पुन्हा गोंधळ. शब्द लक्षात कसे राहतील, मराठीतून शिकवू की इंग्रजीतून, आणि सहामाही तोंडावर आली आहे तर आधी काय घेऊ, असे तुम्ही विचारले आहे.

मी परळ-लालबाग भागातल्या मराठी शाळेत वीसेक वर्षे पाचवी ते आठवीला गणित शिकवते, त्यातली बरीच वर्षे सेमीच्या वर्गांना. तुमच्या मुलाची वही मी पाहिलेली नाही, म्हणून काही गोष्टी जर-तरच्या भाषेत सांगते.

सगळ्यात आधी तो नेमका कुठे अडतो ते बघा. पुस्तकातले एक शाब्दिक उदाहरण घ्या आणि त्याला स्वतः वाचू न देता तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, एकही शब्द न बदलता. ऐकून सुटले, तर गणित आणि शब्द दोन्ही ठीक आहेत. वाचन अजून सावकाश चालले आहे, आणि ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरली जाते. ऐकूनही सुटले नाही, पण तेच तुम्ही घरगुती भाषेत सांगितल्यावर सुटले, तर गणिताची भाषा अडते आहे. आणि घरगुती भाषेतही सुटले नाही, तर यादी बाजूला ठेवा. मग गुणाकार-भागाकाराचा अर्थच कच्चा आहे आणि त्याला शब्दांचा उपाय लागू पडणार नाही. तुमच्या वर्णनावरून मला दुसरा प्रकार वाटतो, कारण ‘मी समजावून सांगितले की लगेच करतो’ असे तुम्हीच लिहिले आहे. पुढचे सगळे तसे धरून लिहिते.

यादी पाठ करून शब्द का टिकत नाहीत, याचे माझ्या मते मुख्य कारण असे: गणितातले बरेचसे शब्द एकट्या वस्तूचे नाव नसतात, ते दोन गोष्टींमधले नाते सांगतात. ‘काका’ हा शब्द जसा कोणाचा तरी काका असल्याशिवाय पुरा होत नाही, तसाच ‘विभाजक’. ६ ही संख्या विभाजक आहे का, या प्रश्नाला उत्तरच नाही. ६ ने १८ ला पूर्ण भाग जातो, म्हणून ६ हा १८ चा विभाजक आहे, २० चा नाही. आणि तोच ६ हा ३ चा विभाज्य आहे, कारण ६ ला ३ ने पूर्ण भाग जातो. यादीत मात्र ‘विभाजक’ एका ओळीत सुटा पडलेला असतो, शेजारी इंग्रजी प्रतिशब्द. मूल दोन सुटे शब्द एकमेकांना बांधते आणि नाते बाहेरच राहते. पट, टक्के, अपूर्णांक, गुणोत्तर, कोटिकोन, वर्गमूळ, कुठलाही शब्द घ्या, त्याला ‘कशाचा?’ किंवा ‘कोणाचा?’ असे विचारता येते. मी वर्गात हा एकच प्रश्न वर्षभर विचारत राहते.

तो उदाहरणात कसा चालतो ते दाखवते. ‘आईचे वय मुलाच्या वयाच्या तिपटीपेक्षा ४ वर्षांनी जास्त आहे. मुलगा ११ वर्षांचा आहे, तर आईचे वय किती?’ सहावीतल्या एका मुलीने मला उत्तर दिले ७७. तीन आणि चार सात, सात गुणिले अकरा सत्त्याहत्तर. हिशेब बिनचूक. मी तिला ‘चूक’ म्हटले नाही. वाक्यातल्या ‘पेक्षा’वर बोट ठेवायला सांगितले आणि विचारले, याच्या अलीकडे काय लिहिले आहे?

‘तिपटी.’

‘कोणाची तिपटी?’

‘मुलाच्या वयाची.’

‘मग ती किती?’

‘तेहतीस.’

‘आता पलीकडचे वाच.’

‘चार वर्षांनी जास्त... सदतीस!’

तिने स्वतःच ७७ खोडले. ‘तिप्पट’ हा शब्द तिला येत होता, ‘जास्त’ही येत होता. कशाची तिप्पट आणि कशाहून जास्त, एवढेच तिने विचारले नव्हते.

आता मराठीतली एक सोय लक्षात घ्या. आपली भाषा हे नाते प्रत्ययात ठेवते. ‘१२ ला ३ ने भागा’ आणि ‘३ ने १२ ला भागा’ यांचा अर्थ एकच, कारण ज्याला ‘ला’ लागला तो भाज्य आणि ज्याला ‘ने’ लागला तो भाजक. ‘१२ मधून ७ वजा करा’, ‘७ हे १२ मधून वजा करा’, इथेही तेच: ‘मधून’ ज्याला चिकटले ती संख्या आधी लिहायची. जे मूल दिसेल त्या क्रमाने आकडे उचलते, ते दुसऱ्या वाक्यात फसते. प्रत्यय पाहणारे मूल फसत नाही. म्हणून ‘परिमेय’, ‘पदावली’ असले भारदस्त शब्द घेण्याआधी ला, ने, मधून, पेक्षा, चा-ची-चे, पैकी, प्रत्येकी, दर, पट या बारक्या शब्दांवर हात बसू द्या. पेन्सिलने त्यांना गोल करायला सांगा. आकड्यांना गोल नको, ते त्याला आपसूक दिसतातच.

यातला ‘पेक्षा’ जास्त दगा देतो. ‘क्ष पेक्षा ५ ने कमी’ म्हणजे क्ष – ५. ‘क्ष हा ५ पेक्षा कमी’ म्हणजे क्ष < ५, इथे वजाबाकीच नाही. दोन वाक्यांत फरक काय? एक ‘ने’. तो गिळला गेला की गणितच बदलते. अशी दोन जोडवाक्ये शेजारी शेजारी लिहून ‘कुठल्या वाक्यात उत्तर म्हणून नवी संख्या तयार झाली आणि कुठल्यात नुसती तुलना आहे?’ असे विचारा. मुलांना हा खेळ आवडतो आणि तो जेवताजेवताही करता येतो.

सेमीच्या मुलांची जास्तीची अडचण इथेच आहे. ‘क्ष पेक्षा ५ ने कमी’ हे मराठीत ज्या क्रमाने बोलतो त्याच क्रमाने लिहिता येते. इंग्रजीत ‘फाइव्ह लेस दॅन एक्स’ म्हणतात. पाच आधी ऐकू येतो आणि मूल ५ – क्ष लिहून मोकळे होते. ‘सबट्रॅक्ट सेव्हन फ्रॉम ट्वेल्व्ह’मध्येही सात आधी. वर्गात शिक्षक मराठीत समजावतात, फळ्यावर इंग्रजीत लिहितात, आणि हा क्रमाचा उलटफेर कोणी बोलूनच दाखवत नाही. इंग्रजी वाक्यात ‘दॅन’ आणि ‘फ्रॉम’ दिसले की पेन्सिल थांबली पाहिजे आणि त्यानंतरची संख्या आधी लिहिली गेली पाहिजे. एवढ्या एका सवयीने सेमीच्या मुलांच्या चुका कमी झालेल्या मी पाहिल्या आहेत. ‘इज लेस दॅन’ आले तर मात्र ती तुलना, तिथे क्रम उलटायचा नाही, हेही त्याच दिवशी सांगा.

मराठी की इंग्रजी, याचे माझे उत्तर असे: मूल ज्या भाषेत भांडते, त्या भाषेत अर्थ आणि ज्या भाषेत पेपर आहे, त्या भाषेत नाव. तुमच्या घरात मराठी आहे, तर अर्थ मराठीत होऊ द्या. आपले कित्येक शब्द आपला अर्थ सोबत घेऊन येतात, त्याचा फायदा सेमीच्या मुलांना का देऊ नये? ‘छेदाधिक अपूर्णांक’ म्हटले की छेद मोठा हे नावातच आले. ‘अंशाधिक’ म्हणजे अंश मोठा. इंग्रजीतले ‘प्रॉपर’ आणि ‘इम्प्रॉपर’ यांतून हे काहीच कळत नाही, उलट इम्प्रॉपर म्हणजे त्या अपूर्णांकात काहीतरी चुकले आहे असे मुलांना वाटते. घरी इंग्रजी किंवा हिंदी बोलली जात असेल तर मी वेगळा सल्ला दिला असता. कारण तोच शब्द दोन भाषांत वेगळा अर्थ घेतो. उदाहरणार्थ, सातवीत कोटिकोन (दोन कोनांची बेरीज ९०°) आणि पूरककोन येतात. मराठीत पूरक म्हणजे बेरीज १८०°, हिंदी पुस्तकात ‘पूरक कोण’ म्हणजे बेरीज ९०°, आणि १८०° साठी तिकडे ‘संपूरक’. मुंबईत शिकवणी घेणारे सर हिंदी माध्यमातून शिकलेले असले तर ही गफलत हमखास होते.

मसावि (महत्तम साधारण विभाजक) आणि लसावि (लघुतम साधारण विभाज्य) यांच्याकडे थोडा जास्त वेळ द्या, कारण ते सहावीतच येतात आणि त्यांची नावे मुलांना बरोबर उलट्या दिशेला नेतात. महत्तम म्हणजे सर्वांत मोठा, म्हणून मसावि मोठा येईल असे त्यांना वाटते. येतो लहान. ‘लघुतम’ येतो मोठा. यावर माझा उपाय एकच, नाव शेवटून वाचायचे. लघुतम साधारण विभाज्य, यात आधी ‘विभाज्य’. १२ चे विभाज्य: १२, २४, ३६, ४८, ६०... १५ चे: १५, ३०, ४५, ६०... मग ‘साधारण’, म्हणजे दोघांत असणारे, म्हणजेच सामाईक. नेहमीच्या बोलण्यातले ‘साधारण दहा मिनिटे लागतील’ यातला अंदाज इथे नाही, हे सांगावेच लागते. मग उरले ‘लघुतम’: त्या सामाईकांतला सर्वांत लहान, ६०. मसाविचेही तसेच. १८ चे विभाजक १, २, ३, ६, ९, १८. २४ चे १, २, ३, ४, ६, ८, १२, २४. सामाईक १, २, ३, ६. त्यांत मोठा ६. विभाजक संख्येहून मोठा असूच शकत नाही आणि विभाज्य संख्येहून लहान नसतो (शून्य सोडून), म्हणून उत्तरे तशी येतात. हे एकदा स्वतःच्या हाताने लिहिले की पाठ करायला काही उरत नाही. उदाहरण म्हणून एक गाडी दर १२ मिनिटांनी, दुसरी दर १५ मिनिटांनी, दोन्ही ८ वाजता एकदम सुटल्या, पुन्हा एकदम कधी, हे विचारा. ‘दर’ म्हणजे विभाज्यांची रांग, हे त्याच्या तोंडून निघाले पाहिजे. उत्तर ९ वाजता.

काही क्लासमध्ये ‘एकूण दिसले की बेरीज, उरले दिसले की वजाबाकी’ अशी शब्दांची किल्ली देतात. कृपा करून हे घरी करू नका. ‘३० रुपयांचा खाऊ घेतल्यावर रियाजवळ ४५ रुपये उरले, तर सुरुवातीला किती होते?’ यात ‘उरले’ आहे आणि बेरीज आहे. ‘३ वडापाव, प्रत्येकी १८ रुपये’ इथे गुणाकार, आणि ‘७२ रुपये ४ जणांत वाटले, प्रत्येकी किती’ इथे भागाकार, शब्द तोच. चौथीपर्यंत ही किल्ली चालून जाते. सहावीपासून ती मुलाला वाक्य वाचूच देत नाही, आणि ती सवय मोडायला आम्हाला आठवीपर्यंत झगडावे लागते.

शेकडेवारीसाठी मी आमच्या भागातलेच आकडे घेते. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर, हे आकडे आमच्या मुलांना घरी रोज ऐकायला मिळतात. मी फळ्यावर दोनच संख्या लिहिते आणि विचारते, नवे घर जुन्याच्या किती पट? किती चौरस फुटांनी जास्त? किती टक्क्यांनी जास्त? पट काढायला ५०० भागिले १६०, म्हणजे ३ पूर्णांक १ अष्टमांश, सव्वातीन पटीला थोडे कमी. जास्त किती, तर ३४०. आणि टक्के? बरीच मुले ३१२.५ म्हणतात. ‘कशाचे टक्के?’ असे विचारले की वाद सुरू होतो. नवे घर जुन्याच्या ३१२.५ टक्के आहे, पण जुन्यापेक्षा २१२.५ टक्क्यांनी जास्त आहे, कारण जास्तीचे फक्त ३४० आणि ते १६० च्या मानाने मोजायचे. ‘च्या’ आणि ‘पेक्षा’ यांतले शंभर टक्क्यांचे अंतर मुलांना या एका उदाहरणात दिसते. तीन पट झाले म्हणजे तीनशे टक्क्यांनी वाढले, असे मोठी माणसेही बोलून जातात.

त्याच खोलीवर क्षेत्रफळ आणि परिमिती दोन्ही होतात. १६ फूट बाय १० फूट खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट, परिमिती ५२ फूट. २० बाय ८ ची केली तर क्षेत्रफळ तेच, परिमिती ५६. लादी किती लागेल आणि भिंतीकडेची स्कर्टिंगची पट्टी किती लागेल, असे दोन प्रश्न विचारले की कुठला शब्द कुठे हे सांगावे लागत नाही. तुमच्या खोलीची मापे घ्या, टेप त्याच्या हातात द्या.

घरात आधीच बोलल्या जाणाऱ्या शब्दांचा उपयोग आपण फार कमी करतो. पाव, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन हे सगळे अपूर्णांकच आहेत. पावणेआठची लोकल म्हणजे ७:४५ हे त्याला कळते, पण १ ३/४ आणि पावणेदोन एकच, हे कोणी जोडून दिलेले नसते. आणि ‘सव्वाशे’ विचारून बघा: शंभर आणि पाव नव्हे, १२५. सव्वा कशाचा? शेकड्याचा. ‘अडीच हजार’मधला अर्धा हजाराचा, ‘अडीचशे’मधला शंभराचा. पुन्हा तोच प्रश्न. ‘एकोणसत्तर’ ऐकून ७९ लिहिणारी सातवीतली मुले मी पाहते, विशेषतः जी मोजायला इंग्रजीतून शिकली. एकोण म्हणजे एक उणे, सत्तराला एक कमी, हे फोडून सांगितले की थांबतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन आले तेव्हा खूप वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी तेव्हा त्यामागची भूमिका मांडली होती. त्या वादात कोणाची बाजू घ्यायची ते घ्या, पण ‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतो आणि लिहिताना दोन आधी लिहावा लागतो, ही अडचण खरी आहे आणि ती मोठ्या वर्गातही भेटते.

एकच शब्द दोन कामे करतो, त्याची कल्पनाही द्या. ‘अंश’ अपूर्णांकात छेदाच्या वर बसतो आणि कोन मोजतानाही तोच एकक असतो. ‘पाया’ त्रिकोणाचा वेगळा, घातांकातला वेगळा. ‘मूळ संख्या’ आणि ‘वर्गमूळ’ यांचा एकमेकांशी संबंध नाही. पूर्ण संख्या ०, १, २, ३ अशा पुढे जातात, पूर्णांकांत ऋण संख्याही येतात. आणि ‘तीन पूर्णांक एक चतुर्थांश’ म्हणताना तोच ‘पूर्णांक’ तिसऱ्या ठिकाणी भेटतो. याची वेगळी तयारी नको, शब्द समोर येईल तेव्हा ‘हा आधी कुठे भेटला होता?’ एवढे विचारा.

आतापर्यंतचे एका दमात सांगायचे तर: आधी तो कुठे अडतो ते ओळखा, बारक्या शब्दांना गोल करा, प्रत्येक नावाला ‘कशाचा?’ विचारा आणि किल्ल्या देऊ नका.

आता यादीचे काय करायचे. ती टाकू नका, शाळा तोंडी परीक्षेत विचारील. पण वरून खाली म्हणून घेणे बंद करा. आठवड्याला पाच-सहा शब्द पुरेत. प्रत्येक शब्दासाठी वहीत तीन गोष्टी त्याने स्वतः लिहायच्या: एक उदाहरण, एक फसवे उदाहरण आणि एक पूर्ण वाक्य. ‘विभाजक’साठी: ४ हा २० चा विभाजक आहे. ६ हा २० चा नाही, २ बाकी उरते. ‘मूळ संख्या’साठी: १३ आहे, ९ नाही, आणि १ सुद्धा नाही, कारण तिला एकच विभाजक. फसव्या उदाहरणावर सर्वाधिक वेळ जातो आणि तो जाऊ द्या. व्याख्या तुम्ही सांगू नका, दोन-तीन उदाहरणे झाल्यावर त्यालाच म्हणू दे. मोडकीतोडकी चालेल.

सहामाहीपर्यंत सगळे होणार नाही. विभाजक, विभाज्य, मसावि, लसावि हा एक गट आणि अंश, छेद, सममूल्य, छेदाधिक, अंशाधिक हा दुसरा, एवढेच घ्या. पूर्णांकांची अधिक-उणे चिन्हे त्याला येत असतील तर त्यांच्या शब्दांवर वेळ घालवू नका. भूमितीची नावे आकृती काढताना आपोआप येतात. रोज दोन शाब्दिक उदाहरणे, पण सोडवायची नाहीत: फक्त वाचायची, गोल करायचे, आणि ‘काय दिले आहे, काय विचारले आहे’ हे त्याने तुम्हाला स्वतःच्या शब्दांत सांगायचे. सोडवण्याची घाई नसली की मुले वाक्य नीट वाचतात.

आणि सुरुवातीच्या चाचणीत पहिला प्रकार निघाला, म्हणजे ऐकून सुटते आणि वाचून अजिबात नाही, शिवाय अक्षरे उलटी होणे, ओळ सुटणे हेही दिसत असेल, तर शिकवणी बदलत बसू नका. वर्गशिक्षकांशी बोला आणि अध्ययन अक्षमतेची (लर्निंग डिसॅबिलिटीची) तपासणी करून घ्या. मुंबईत शीव आणि नायरसारख्या पालिकेच्या रुग्णालयांत ती होते. निदान झाले तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. तपासणी एका भेटीत उरकत नाही, तेव्हा तशी शंका असेल तर दहावीची वाट न पाहता आत्ता सहावीतच जा.